रात्रभर टिपलेला रेडिओ

रात्री अकराच्या सुमारास आमच्या घरातली माणसं झोपतात आणि मागच्या खोलीतला रेडिओ कामाला लागतो. त्याचा आवाज मात्र कुणाला येत नाही, कारण स्पीकर मी बंद ठेवतो. एक लहानशी पेटी, तिला जोडलेला जुना लॅपटॉप, खिडकीतून परसातल्या माडाकडे गेलेली तार आणि एक हार्ड डिस्क, एवढाच सगळा पसारा. पहाटे मी उठतो तोवर या पेटीनं अरबी समुद्राच्या अलीकडचे आणि पलीकडचे कितीतरी आवाज टिपून ठेवलेले असतात. घरी येणारी माणसं हे सगळं कौतुकानं बघतात आणि मग हमखास विचारतात, "पण एवढं सगळं तुम्ही ऐकता कधी?"

प्रश्न अगदी खरा आहे. या छंदातल्या प्रत्येकाला तो कधी ना कधी गाठतोच. आज मी त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करणार आहे.

आधी छंदाविषयी थोडं. दूरदूरची रेडिओ केंद्रं शोधून ऐकायची आणि ओळखायची, याला 'डीएक्सिंग' म्हणतात. तारायंत्राच्या काळापासून 'डीएक्स' म्हणजे लांबचं अंतर. हौशी रेडिओवाले, ज्यांना आपण 'हॅम' म्हणतो, ते स्वतः संदेश पाठवतात आणि त्यासाठी त्यांना परवाना लागतो. आम्ही फक्त ऐकतो. गाणं छान लागलं आहे म्हणून ऐकणारा तो श्रोता. हे केंद्र कुठलं, किती लांबचं, आज इथे कसं पोचलं, या कुतूहलानं कान लावून बसणारा तो डीएक्सर. गाणं आवडलं तर ती वरकमाई.

हा छंद रात्रीचा का, हेही सांगायला हवं. ट्रान्झिस्टरवर मीडियम वेव्हचा पट्टा असतो, त्यालाच आपण मध्यम लहरी म्हणतो. दिवसा या पट्ट्यावर जवळपासची दोन-चार केंद्रं लागतात, बाकी खरखर. दिवस मावळला की तोच पट्टा भरून जातो. याचं कारण आकाशात आहे. जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर वातावरणाचा एक थर असतो. सूर्यप्रकाशानं तो विद्युतभारित होतो आणि वर जाणाऱ्या मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो. मग त्याच लहरी आणखी वर जातात, वरच्या थरांवरून परावर्तित होतात आणि हजार-दोन हजार किलोमीटर लांब उतरतात. रत्नागिरी ते मस्कत हे सरळ रेषेतलं अंतर सतराशे किलोमीटरच्या आसपास आहे. रात्रीच्या लहरींना ते एका उडीचं.

आता यातली अडचण बघा. आशिया, युरोप आणि आफ्रिकेत मीडियम वेव्हवरची केंद्रं ५३१ पासून १६०२ किलोहर्ट्झपर्यंत, दर ९ किलोहर्ट्झवर एक, अशी मांडलेली असतात. हिशोब केला तर जागा होतात फक्त १२०. केंद्रं त्याहून कितीतरी जास्त. दिवसा त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. रात्री मात्र एकेका जागेवर तीन-तीन केंद्रं येऊन बसतात. पाच मिनिटं अरबी बातम्या, मग त्या हळूहळू बुडतात आणि खालून तमिळ गाणं वर येतं, मग दोन्ही एकदम. केंद्र आपली ओळख सांगतं ती दहा-पंधरा सेकंदांत. नेमक्या तेवढ्याच वेळात लहर खाली गेली की रात्रभराची मेहनत पाण्यात. म्हणून डीएक्सर पहिल्यापासून टेप करत आले. एकदा निसटलेला शब्द टेपवर पुन्हा पुन्हा ऐकता येतो.

माझं टेप करणं सुरू झालं ते मात्र वेगळ्या कारणानं.

आमचं गाव रत्नागिरीजवळ, खाडीच्या काठावर. गावातल्या बहुतेक घरांतला एक तरी माणूस जहाजावर किंवा आखातात. माझे मोठे भाऊ, त्यांना आम्ही सगळे भाईच म्हणायचो, १९८० च्या दशकात दुबईला गेले. पत्र यायला पंधरा दिवस लागत आणि फोन म्हणजे गावात जाऊन ताटकळत बसणं. मी तेव्हा बीए करून नोकरी शोधत होतो आणि वहीत कविता लिहीत होतो. घरात भाईंनीच आणलेला रेडिओ-टेपरेकॉर्डर होता. आखातातल्या एका केंद्रावर रात्री हिंदी-उर्दू फर्माइशींचा कार्यक्रम लागायचा. आमच्याकडे साडेअकरा, म्हणजे तिकडे दहा. बारीक येई, मध्येच विरून जाई, पण येई. अम्मीला त्यातलं गाणं नको असायचं. "तो आता जिथे आहे तिथलं हे बोलणं आहे ना?" एवढंच ती विचारायची आणि उशाशी रेडिओ ठेवून पडून राहायची.

१९९४ च्या हिवाळ्यात एका रात्री निवेदिकेनं भाईंचं नाव घेतलं. नाव, आमच्या गावाचं नाव आणि 'अम्मी के लिए' म्हणून एक गाणं. गावाचं नाव तिनं चुकीचं उच्चारलं होतं, तरी आम्ही ओळखलं. मी त्या वेळी रोजच्यासारखं टेप लावलेलं होतं. ९० मिनिटांची कॅसेट, एका बाजूला ४५ मिनिटं. सगळं तिच्यात आलं होतं. अम्मी उठून बसली होती. सकाळी पुन्हा ऐकवतो म्हणालो.

सकाळी मला कामासाठी चिपळूणला जावं लागलं. कॅसेटवर काहीच लिहिलं नव्हतं. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन इवल्याशा पट्ट्या असायच्या, जुन्या लोकांना आठवत असतील. त्या तोडल्या की तिच्यावर पुन्हा टेप होत नसे. ते करायला दोन सेकंद पुरतात. मी केलं नाही. दोन दिवसांनी परत आलो आणि त्या रात्री ढिगातली सगळ्यात वरची कॅसेट घेऊन नेहमीप्रमाणे लावली. वरची होती ती तीच. दुसऱ्या दिवशी अम्मीनं मागितली तेव्हा तिच्यात समुद्रातल्या वाऱ्यासारखी खरखर आणि कुठल्याशा भाषेतल्या बातम्या होत्या.

अम्मी काही बोलली नाही. भाई सुट्टीवर आले तेव्हा हसून म्हणाले, "पुन्हा पाठवीन चिठ्ठी." तो योग काही आला नाही. २००८ साली भाई तिकडेच गेले. त्यांचं नाव हवेतून आमच्या घरी एकदा आलं होतं आणि ते जपून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चाललो आहे. टेप करणं म्हणजे जपणं नव्हे. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि दुसरं काम सकाळी करायचं असतं.

भाईंचा मुलगा आता तिकडेच नोकरीला आहे. २०१६ मध्ये तो येताना माझ्यासाठी काड्यापेटीपेक्षा जरा मोठी अशी एक पेटी घेऊन आला. हा सॉफ्टवेअर रेडिओ. त्याला बटणं नाहीत, काटा नाही. तो संगणकाला जोडायचा आणि पडद्यावर रेडिओ उघडायचा. जुना टेपरेकॉर्डर एका वेळी एकच केंद्र टिपायचा. ही पेटी अख्खा पट्टा एकदम टिपते, १२० च्या १२० जागा. आठवडी बाजारात एका दुकानासमोर उभं राहून ऐकणं वेगळं आणि सगळा बाजार उचलून घरी आणणं वेगळं. महिन्याभरानंही ती फाइल उघडून त्या रात्रीच्या साडेअकराला परत जाता येतं आणि तेव्हा लावलंच नव्हतं असं केंद्र आज लावता येतं. पहिल्या दिवशी मला हे जादूसारखं वाटलं. पहिल्या महिन्यात जादूचा हिशोब कळला.

हिशोब असा. सगळा पट्टा सावकाश मावावा म्हणून माझी पेटी सेकंदाला २० लाख नमुने घेते. प्रत्येक नमुना दोन आकड्यांचा आणि प्रत्येक आकडा दोन बाइटचा. म्हणजे एका सेकंदाला ८० लाख बाइट, ८ मेगाबाइट. मिनिटाला ४८० मेगाबाइट, तासाला २८.८ गिगाबाइट. रात्रीचे दहा तास धरले तर २८८ गिगाबाइट. एक टेराबाइटची डिस्क चौथ्या रात्री भरते. मी मोठ्या हौसेनं दुसरी घेतली, मग तिसरी. त्या हिवाळ्याच्या शेवटी माझ्याकडे तीन भरलेल्या डिस्का होत्या आणि ऐकून झालेल्या रात्री होत्या दोन. कारण सरळ आहे. दहा तासांच्या पट्ट्यात १२० जागा. एकेक जागा पूर्ण ऐकायची म्हटली तर बाराशे तास लागतात, म्हणजे न झोपता न जेवता पन्नास दिवस. एका रात्रीसाठी! मला तर कचेरीतही जायचं असतं.

तेव्हा ठरवलं की आधी टिपायचंच कमी. इथे एक गोष्ट आपल्या मदतीला येते. बहुतेक केंद्रं आपली ओळख ठरलेल्या वेळी सांगतात. तास पुरा होताना वेळेचे ठोके पडतात, केंद्राचं नाव येतं आणि बातम्या सुरू होतात. म्हणून रात्रभर टिपत बसण्यापेक्षा तास भरायच्या दोन मिनिटं आधी सुरू करायचं आणि दोन मिनिटांनंतर थांबवायचं. हे काम संगणकाला सांगून ठेवता येतं. मात्र युरोपात बसलेल्याला जेवढं सोपं, तेवढं आपल्याला नाही. आपलं घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. दुबईत, कराचीत जेव्हा तास भरतो तेव्हा आपल्याकडे साडे वाजलेले असतात. आपल्याकडे, श्रीलंकेत तास भरतो तेव्हा त्यांच्याकडे साडे. इराणचंही घड्याळ असंच अर्ध्यावरचं. म्हणून आपण दोन्ही टिपायचं, तासही आणि अर्धा तासही. दर वेळी चार मिनिटं धरली तर दहा तासांत अशा वीस खिडक्या होतात आणि जागा लागते साधारण ३८ गिगाबाइट. तीच एक टेराबाइटची डिस्क आता चार रात्रींऐवजी सव्वीस रात्री पुरते.

या खिडक्यांखेरीज एक वेळ मी पूर्ण टिपतो. ती म्हणजे पहाट. हिवाळ्यात रत्नागिरीला साधारण सात वाजता सूर्य उगवतो, पण बँकॉककडे आपल्या सव्वापाचाच्या सुमारासच उजाडलेलं असतं. उजेड पूर्वेकडून सरकत येतो तशी पूर्वेकडची केंद्रं एकामागून एक विझत जातात आणि त्यांच्याखाली दबलेली पश्चिमेकडची वर येतात. मस्कतला आपल्या सव्वाआठपर्यंत अंधार असतो. त्या तासा-दीड तासात रात्रभर ऐकू न आलेलं केंद्र अचानक शेजारच्या खोलीतल्यासारखं बोलून जातं. त्यातच सहाला पाच कमी असताना आकाशवाणीच्या केंद्रांची ओळखधून लागते. हीच ती तंबोऱ्याच्या साथीवरची व्हायोलिनची धून, जिच्या रचनेचं श्रेय १९३० च्या दशकात मुंबईला आलेल्या वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं. एकाच क्षणी वेगवेगळ्या जागांवर तीच धून सुरू होते, कुठे स्पष्ट, कुठे पुसट. रमजानमध्ये सहरीसाठी उठलेलो असतो तेव्हा मी यंत्रावर विसंबत नाही. त्या वेळी स्पीकर चालू असतो.

दुसरी शिस्त वेळेची. संगणकाचं घड्याळ रोज इंटरनेटवरून जुळवून घ्यायचं आणि रेकॉर्डिंगमधल्या ठोक्यांशी ताडून बघायचं. घड्याळ तीन मिनिटं मागे असेल तर चार मिनिटांची खिडकी नेमकी ओळख संपल्यावर उघडते. फाइलच्या नावात वेळ घालायची ती ग्रीनिचची, म्हणजे ज्याला आता जागतिक प्रमाणवेळ म्हणतात ती. यात आपला एक फायदा आहे. आपल्या वेळेनं रात्री बाराला तारीख बदलते आणि एकच रात्र दोन तारखांत तुटते. जागतिक वेळेनं तारीख बदलते आपल्या पहाटे साडेपाचला. संध्याकाळपासून पहाटे साडेपाचपर्यंतची सगळी रात्र एकाच तारखेखाली राहते. नाव लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग वेळ, मग किलोहर्ट्झ, असा क्रम ठेवायचा. संगणक आपोआप ओळीनं लावून देतो. नाव संगणकानंच दिलं असलं तरी एकदा डोळ्यांखालून घालायचं. आणखी एक बारकावा. साध्या वेव्ह फाइलला चार गिगाबाइटची मर्यादा असते आणि आपल्या वेगानं ती नऊ मिनिटांतच येते. पहाटेचं लांब रेकॉर्डिंग त्यामुळे तुकड्यांत साठवावं लागतं. तुकडे करायला संगणकाला आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर दहाव्या मिनिटापासून हाती काहीच लागत नाही.

रात्रीच्या अडचणी पुष्कळ. संगणकाला मध्यरात्री स्वतःला सुधारून घ्यायची लहर येते आणि तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो. रेकॉर्डिंग तिथेच संपतं. म्हणून या कामाच्या लॅपटॉपचं इंटरनेट घड्याळ जुळवून झालं की मी रात्री तोडतो आणि त्याला झोपी जायची परवानगी देत नाही. मोबाइलचे चार्जर आणि एलईडीचे दिवे मीडियम वेव्हवर केवढी खरखर सोडतात हे ट्रान्झिस्टर त्यांच्याजवळ नेला की लगेच कळतं. वीज गेली की लोक वैतागतात. लॅपटॉप बॅटरीवर असला तर डीएक्सर मनातून खूश होतो, कारण आळीतले सगळे चार्जर एकदम गप्प झालेले असतात. पावसाळ्यात आणि आश्विनातल्या गडगडाटात मात्र तार सरळ काढून ठेवायची. विजेशी खेळ नाही. तसेही ते दिवस खरखरीचेच. आमचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

आता सकाळचं काम. पडद्यावर रेकॉर्डिंगचं एक चित्र उमटतं, त्याला आम्ही धबधबा म्हणतो. वरून खाली वेळ आणि आडवे किलोहर्ट्झ. प्रत्येक केंद्राची एक उभी रेघ दिसते. रेघ कुठे सुरू झाली, कुठे तुटली, कुठे एरवी रिकाम्या जागेवर नवी उमटली, हे डोळ्यांना मिनिटभरात कळतं. म्हणजे ऐकायचं काय, ते आधी बघून ठरवायचं. रोजच्या ओळखीच्या रेघा सोडून द्यायच्या आणि नवख्या तीन-चार जागांवर कान लावायचा. यात माझा अर्धा तास जातो, त्याहून जास्त मी देत नाही.

सापडलं तर त्याचा दोन मिनिटांचा तुकडा साध्या ध्वनिफाइलमध्ये वेगळा काढायचा. तो जेमतेम एक मेगाबाइटचा होतो. मूळ चार मिनिटांची खिडकी जवळजवळ दोन गिगाबाइटची असते, हे लक्षात घेतलं तर बचत कळेल. आणि लगेच वहीत लिहायचं. तारीख, वेळ, किलोहर्ट्झ, भाषा, काय ऐकलं आणि ओळख पक्की आहे की अंदाज. 'पक्की' आणि 'अंदाज' यांत गफलत करायची नाही. नाव कानानं ऐकलं तरच पक्की. केंद्राला पत्र पाठवून ऐकल्याचा अहवाल दिला तर काही केंद्रं पडताळणीचं कार्ड पाठवतात, त्याला क्यूएसएल म्हणतात. त्या अहवालालाही हाच तपशील लागतो.

मग येतं सगळ्यात अवघड काम, पुसण्याचं. माझा नियम सात दिवसांचा. आठवडाभरात ज्या खिडकीकडे पुन्हा वळून बघितलं नाही, ती पुसायची. पुसताना हात अडतो. वाटतं, त्यात काही राहून गेलं असेल तर? राहिलं असणारच. पण तीन डिस्का भरून ठेवल्या तेव्हाही ते राहिलेलंच होतं, फक्त माझ्या कपाटात राहिलेलं. कवितेच्या वहीनं मला हे आधीच शिकवलं होतं. चाळीस ओळी लिहून सात ठेवाव्या लागतात, आणि चाळीसच्या चाळीस ठेवल्या तर ती सातही कुणी वाचत नाही. या नियमाला मी एकच अपवाद ठेवला आहे. दर हिवाळ्यात एक संपूर्ण रात्र, काहीही न कापता, जशीच्या तशी ठेवायची. आज बिनमहत्त्वाचं वाटणारं उद्या काय ठरेल ते आपल्याला सांगता येत नाही. वर्षाला २८८ गिगाबाइट एवढा विमा परवडतो.

जे ठेवायचं त्याच्या दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कांवर, आणि दुसरी डिस्क वेगळ्या घरात. माझी बहिणीकडे आहे. डिस्क कधी बंद पडेल सांगता येत नाही, म्हणून वर्षातून एकदा दोन्ही लावून फाइली उघडून बघतो. कॅसेटची पट्टी तोडण्याचं काम आता असं करावं लागतं.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? आता तर जगातली केंद्रं मोबाइलवर लागतात. लागतात खरी. पण हवेतून येणारी केंद्रं एकेक करून थांबत चालली आहेत. आपली राष्ट्रीय वाहिनी १९८८ साली सुरू झाली. नागपूरच्या एक हजार किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून, १५६६ किलोहर्ट्झवर, ती रात्रभर देशाला सोबत करायची. ट्रकवाले, पहारेकरी, दवाखान्यात उशाशी बसलेले नातेवाईक, झोप न येणारे म्हातारे, असे तिचे श्रोते. २०१९ च्या सुरुवातीला ती बंद झाली. बीबीसीची हिंदी रेडिओसेवा १९४० पासूनची, ती २०२० च्या जानेवारीअखेर थांबली. त्यांचीच अरबी रेडिओसेवा १९३८ पासूनची, ती २०२३ च्या जानेवारीत. केंद्रांकडे आपापले कार्यक्रम जपलेले असतीलही. पण मध्यरात्री कोकणातल्या एका घरात ते केंद्र कसं ऐकू येत होतं, मागे कुणाचा आवाज होता, लहर कशी बुडत आणि वर येत होती, ते केंद्राकडे नसतं. ते फक्त ऐकणाऱ्याकडे असतं, आणि तेही त्यानं नाव-तारीख घालून ठेवलं असेल तरच.

राष्ट्रीय वाहिनीच्या २०१८ च्या डिसेंबरातल्या एका रात्रीची माझ्याकडे सहा मिनिटं आहेत. मागे बारीकशी खरखर आहे, मध्ये एकदा आवाज खोल जातो आणि पुन्हा येतो. वहीत त्या पानावर तारीख, वेळ, १५६६ आणि 'पक्की' असं लिहिलं आहे. त्याच महिन्यातल्या आणखी कितीतरी तासांच्या फाइली माझ्या जुन्या डिस्कवर होत्या. नावं घातली नव्हती, घड्याळ चुकलेलं होतं, आणि ती डिस्क एके दिवशी उघडेनाशी झाली. सहा मिनिटं राहिली ती त्या सकाळी मी अर्धा तास बसलो म्हणून.

हे सगळं करायला पेटी आणि संगणक असलाच पाहिजे असं नाही. घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर येत्या थंडीत एकदा पहाटे साडेपाचला तो घेऊन अंगणात बसा. घरातल्या दिव्यांपासून जरा लांब. मीडियम वेव्ह लावा, काटा अगदी सावकाश फिरवा आणि एखाद्या पुसट आवाजावर थांबा. मग रेडिओच हळूहळू गोल फिरवून बघा, एका दिशेला आवाज वाढेल, एका दिशेला जाईल. टिपायचं असेल तर मोबाइल जवळ ठेवा. आणि उजाडल्यावर, चहाच्या आधी, काय ऐकलं ते तारखेनिशी लिहून ठेवा.

भाईंच्या मुलानं मागच्या सुट्टीत मला ती १९९४ ची कॅसेट मागितली. म्हणाला, खरखरीच्या खाली काही उरलं असेल तर संगणकावर काढून बघू. बघितलं. काहीच उरलेलं नाही. कॅसेट मी परत डब्यात ठेवली. तिच्यावर आता तारीख लिहिली आहे आणि तिच्या दोन्ही पट्ट्या तोडल्या आहेत.